आत्या कायम, मी अकरा महिने

मेंढीच्या पोटातल्या जंतांवर मी सहा वर्षं काम केलं आणि पीएच.डी. झाले. गावानं याचा सरळ अर्थ लावला: सून लेंड्या मोजून डॉक्टर झाली. अर्थ चूक नव्हता. लेंड्याही बाहेरच्या नव्हत्या, घरच्याच होत्या. माझ्या सासूबाईंचा पन्नासेक मेंढ्यांचा कळप होता. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सकाळी आत्या कळपाच्या पुढं चालायच्या आणि मी प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन मागं. कळप थांबला की मी वाकायचे. आत्या एकदा शेजारणीला सांगत होत्या, "लई शिकली माझी सून. आता सारा दिस मेंढीच्या मागंच असती."

आमचं गाव जालना रस्त्यापासून थोडं आत, करमाडच्या अलीकडं. नवरा शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टवर. पदवी मिळाल्यावर मी शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे तास झाला तर मानधन. परीक्षा लागली, सुट्टी लागली, पोरं सहलीला वेरूळला गेली, की काही नाही. स्टाफरूममध्ये कायम प्राध्यापकांच्या खुर्च्यांना पाठ होती. आम्हा तासिकावाल्यांना स्टुलं होती. ताठ बसायचं तर कणा घरून आणावा लागे.

आणि मग करमाडच्या पुढं माळावर संशोधन विद्यापीठ आलं. आधी कमान आली. मग कमानीपासून आत जाणारा रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठूनतरी आणलेली ताडाची झाडं, मग कारंजं. शिकवायची इमारत सगळ्यात शेवटी आली. माळाला तारेचं कुंपण पडलं आणि आत्यांचं चराईचं रान आत गेलं. मेंढ्या विकत विकत आत्या अकरावर आल्या. त्या वर्षी त्या दुपारी ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहायच्या.

विद्यापीठाची भरती निघाली तेव्हा मी मोबाइलवर जाहिरात तीनदा वाचली. दोन भाग होते. वरती शैक्षणिक पदं, खाली साहाय्यकारी पदं. वरच्या भागात प्राणिशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा होती. मागितलेली प्रत्येक गोष्ट माझ्याकडं होती. मी उठून पाणी प्याले आणि पुन्हा वाचायला बसले. आत्या म्हणाल्या, "मोठ्यानं वाच की. आम्हाला बी कळू दे."

मी वाचत गेले. वाचता वाचता खालच्या भागात शिरले: प्रयोगशाळा परिचर, माळी, वाहनचालक, पशुगृह परिचर. पशुगृह परिचरासाठी शिक्षणाची अट लिहिता-वाचता येण्याची. मेंढ्या हाताळण्याचा अनुभव आवश्यक. वयाची अट नाही.

"हे शेवटलं पुन्हा वाच," आत्या म्हणाल्या.

मी वाचलं.

"माझा बी अर्ज भर. सही अन् जोडून वाचनं येतंय मला."

मला हसू आलं. ते मी लपवलं नाही, आणि याची मला पुढं पुष्कळ लाज वाटली.

दोन्ही अर्ज करमाडच्या एका सेवा केंद्रात बसून भरले. विद्यापीठानं सगळ्या पदांना एकच अर्ज ठेवला होता, समतेच्या तत्त्वाला धरून. आत्यांची जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, "आधारवर एक जानेवारी हाय. आपल्या निम्म्या गावाची तीच हाय." अनुभव कधीपासून, म्हटल्यावर म्हणाल्या, "दुधाचे दात व्हते तवापास्नं." संगणकाला ते मंजूर नव्हतं. अठराव्या वर्षाच्या आतला अनुभव टाकला की रकाना लाल व्हायचा. मग आत्यांची अकरा-बारा वर्षं आम्ही तिथंच सोडून दिली. पुढं एक रकाना होता, प्रकाशित शोधनिबंधांची संख्या. तो रिकामा ठेवता येत नव्हता. आत्यांच्या अर्जात मी शून्य टाकलं. माझ्या अर्जात सहा. सहाचा आकडा मी जरा जास्तच दाबून टाइप केला.

अनुभवाचा दाखला मागितला होता, मागच्या मालकाच्या सहीचा. मेंढपाळ बाईचा मालक कोण? सासरे जाऊन आठ वर्षं झालेली. शेवटी सरपंचांनी दाखला दिला. त्यांनी लिहिलं होतं: "सदर महिलेस मी पुष्कळ वर्षांपासून ओळखतो. तिच्या मेंढ्यांनाही ओळखतो. कोणाचीही वर्तणूक वाईट नाही."

मुलाखती एकाच दिवशी लागल्या. सकाळी माझी, दुपारी आत्यांची. आम्ही दोघी एकाच रिक्षानं कमानीपाशी उतरलो. मी पैठणी नेसायला काढली होती, मग परत ठेवली आणि साधी सुती साडी नेसले, कारण कोणीतरी सांगितलं होतं की संशोधक साधा दिसावा. आत्या त्यांच्या नेहमीच्या हिरव्या लुगड्यात होत्या.

माझ्या मुलाखतीला पाच जण होते. सगळ्यांच्या पुढं काजूच्या बश्या. मधल्यांनी माझी फाइल उघडली. "तुमचं काम सगळं या भागातल्या मेंढ्यांवर आहे?"

"हो सर."

"फार स्थानिक होतं नाही का?"

"जंत सगळीकडं तेच असतात, सर."

"ते ठीक. पण मेंढी स्थानिक आहे."

दुसऱ्यांनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता? मी म्हटलं, इथंच, या विद्यापीठात. त्यांनी शेजारच्यांकडं बघून मान हलवली. महत्त्वाकांक्षा कमी, असं त्या मान हलवण्याचं भाषांतर मी नंतर केलं. तिसऱ्यांनी पाच मिनिटं शिकवून दाखवायला सांगितलं. मी फळ्याकडं गेले. खडू नव्हता. ती चकचकीत पाटी होती, तिला वेगळी लेखणी लागते, ती कोणाकडंच नव्हती. पाच मिनिटं मी हवेत जंताचं जीवनचक्र काढलं. चौथे ते अगदी मन लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "गोल आहे तर."

आत्यांची मुलाखत पशुगृहात झाली. सोबत म्हणून मला आत जाऊ दिलं. पशुगृह म्हणजे गुळगुळीत पांढऱ्या फरशीचा मोठा हॉल. त्यात नुकत्याच बाजारातून आणलेल्या चोवीस मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. विभागप्रमुख बाई होत्या आणि कुलसचिव होते. बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी कागद बघून पहिला प्रश्न विचारला, "मावशी, मेंढ्यांची काळजी कशी घ्याल?"

आत्यांचं लक्षच नव्हतं. त्या सरळ आत गेल्या, एक मेंढी मांड्यांत धरली, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. मग दुसरीची. मग तिसरीची. हनुवटीखाली हात घालून चाचपलं.

"हिच्या अंगात रगत नाय राह्यलं. पापणी बघा, कशी पांढरी फक. अन् ही बघा, गळ्याखाली पाणी उतरलंय. जंत हायेत पोटात. धा-पंधरा दिसांत जातील ह्या." मग फरशीकडं बघून म्हणाल्या, "अन् हे काय केलंय? मेंढी काय इथं नाच करनार हाय? पाय फाकून मरायच्या ना बिचाऱ्या. माती टाका."

पापणीवरून रक्त ओळखण्यावर माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण होतं. सकाळी ते मला कोणी विचारलं नव्हतं.

महिन्याभरात निकाल लागला. आत्यांची निवड झाली, कायम पदावर. माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं. यादीत मी एकटीच होते. वरच्या जागेवर परदेशातल्या समुद्री माशांवर काम केलेले एक गृहस्थ लागले. समुद्र आमच्याकडून कुठल्याही बाजूनं जवळ नाही. नवऱ्यानं दोन्ही पत्रं वाचली, एकदा आईकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पेढे आणायचे की नाही असं हळूच मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

मी म्हटलं, आणा. पण पेढे आले तेव्हा माझा मी नवऱ्याच्या ताटात ठेवला.

आत्या सकाळी डबा घेऊन निघायला लागल्या. गळ्यात फोटोचं ओळखपत्र. गावातल्या बाया ते हातात घेऊन बघायच्या. आत्यांनी पहिल्याच आठवड्यात पशुगृहात माती टाकून घेतली. त्यासाठी त्यांना तीन अर्ज लिहावे लागले, म्हणजे मला.

पावसाळा संपता संपता मलाही विद्यापीठाचं पत्र आलं. मॅडमना मेंढ्यांचा मोठा प्रकल्प मिळाला होता आणि त्यांना प्रकल्प सहायक हवा होता, अकरा महिन्यांच्या करारावर. बारावा महिना दिला की माणूस कायमपणाचा हक्क सांगतो म्हणे, म्हणून अकरा. मी कॉलेजातलं स्टूल सोडलं आणि गेले.

कामं दोन होती. पहिलं, मॅडमनी बनवलेल्या हिरव्या औषधी गोळीची चाचणी. बाजारातून नव्यानं आणलेल्या चोवीस मेंढ्यांपैकी बारांच्या कानात निळा बिल्ला, बारांच्या कानात पिवळा. परिचरानं निळ्यांना गुळात गोळी घालून द्यायची, पिवळ्यांना नुसता गूळ. दर आठवड्याला लेंड्या आणून मी सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची. निळ्यांची अंडी कमी झाली आणि पिवळ्यांची तशीच राहिली, म्हणजे गोळी गुणाची. दुसरं काम पारंपरिक ज्ञानाच्या नोंदीचं. एका जाणकार व्यक्तीकडून चाळीस प्रश्नांची उत्तरं भरून घ्यायची. मॅडम म्हणाल्या, "जाणकार शोधायला लांब जायला नको. आपल्या पशुगृहातल्या मावशी आहेत, त्यांनाच विचारा. जरा तिरकस आहेत, पण माहिती आहे त्यांना."

मी म्हटलं, "मॅडम, त्या माझ्या सासूबाई आहेत."

"अरे वा," मॅडम म्हणाल्या, "मग प्रवासखर्च लागणार नाही."

प्रश्नावली इंग्रजीत होती. मी आत्यांपुढं बसून एकेक प्रश्न मराठीत करून विचारायचे. "मेंढ्यांचं आरोग्य हे चराऊ क्षेत्राच्या उपलब्धतेवर अवलंबून असतं, या विधानाशी तुम्ही एक ते पाचपैकी किती सहमत आहात?"

"एक ते पाच म्हंजे?"

"एक म्हणजे अजिबात नाही. पाच म्हणजे पुरेपूर."

"चरायला असलं तर मेंढी जगती, नाय तर मरती. ह्याच्यात तीन कुठून येतील?"

मी पाच लिहिलं.

सहा प्रश्न झाले की आत्या उठायच्या, पाणी पाजायची वेळ झाली म्हणून. उरलेले घरी विचारावेत म्हटलं तर संध्याकाळी चुलीपाशी बसून म्हणायच्या, "ड्युटी संपली. सकाळी ये हापिसात." खरंच सांगायच्या नाहीत. ज्या गोष्टी सहा वर्षं माळावर त्यांनी मला फुकट सांगितल्या, त्याच आता कामाच्या वेळेत, ओळखपत्र घालून विचाराव्या लागत. नवरा जेवता जेवता हसायचा. मला त्याचा राग यायचा.

चाचणीचा पहिला महिना सरळ गेला. निळ्यांची अंडी कमी व्हायला लागली. मॅडम खूश. दुसऱ्या महिन्यात पिवळ्यांचीही कमी व्हायला लागली. मी पुन्हा मोजली. पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात पिवळ्या मेंढ्या निळ्यांपेक्षा टवटवीत दिसायला लागल्या. एक पिवळी तर मला बघून उड्या मारायची.

मॅडमनी तक्ता बघितला. "तुम्हाला मोजता येतं ना?"

"मॅडम, माझी पीएच.डी.च त्यात आहे."

"म्हणून विचारलं. तासिकेवर शिकवून शिकवून हात बसत नाही कधीकधी. नुसत्या गुळानं जंत जात नाहीत. पुन्हा मोजा. आणि हे बघा, अकरा महिने संपले की मुदतवाढीला मला तुमच्याबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत."

मी आठ दिवस पुन्हा मोजलं. प्रत्येक नमुना तीनदा. आकडे हटेनात. डोळ्यांपुढं अंडी नाचायला लागली. आणि मग एका दुपारी, सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं तेव्हा, मला एकदम कळलं की मी चुकीच्या जागी बघतेय.

त्या दिवशी परत जाताना आम्ही दोघी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागच्या बाकावर होतो. मी विचारलं, "आत्या, पिवळ्या बिल्ल्याच्या मेंढ्यांना काय देताय?"

"गूळ."

"अजून?"

आत्या बाहेर बघायला लागल्या. करमाडचा बाजार मागं गेला.

"पळसपापडी," त्या म्हणाल्या. "कुटून. चिमूटभर. आठ दिसांनी एकदा."

पळसाचं बी वाळवून कुटून जंतांवर देतात, हे मला काय नवीन होतं? माझ्या प्रबंधात त्यावरही दोन ओळी होत्या.

"आत्या, त्यांना काही द्यायचंच नव्हतं! तुलना करायची होती!"

"मला नाय कोनी सांगितलं तुलना. मला म्हनले, ह्यांना औषध, ह्यांना गूळ. म्या म्हनलं, बारा वाचवायच्या अन् बारा डोळ्यादेखत मारायच्या, हे काय शिक्षन झालं? मालकानं औषध आणलं थोडं, पुरलं नाय, असं समजले मी. मंग उरलेल्यांचं मी बघितलं. वाईट केलं व्हय?"

मला त्या क्षणी मेंढ्या वाचल्याचा आनंद झाला नाही. मला आनंद झाला तो माझी मोजणी बरोबर निघाल्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. अंडी बरोबर मोजली आहेत, पिवळ्यांना पळस दिलाय, कोणी दिला तेही सांगितलं. आत्यांची नोकरी यात अडकेल, हा विचार आला होता का? आला होता. दारापाशी आला होता आणि मी त्याला बाहेर उभं केलं.

मॅडमनी उठून दार लावलं. "हे अजून कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

त्यांनी तक्ता पुढं ओढला आणि दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे पळस गोळीच्या बरोबरीनं चालतो. थोडा जास्तच." त्यांनी प्रकल्पाच्या फाइलवरचं शीर्षक खोडलं आणि नवीन लिहिलं: दोन उपचारांचा तुलनात्मक अभ्यास.

त्याच आठवड्यात आत्यांना कुलसचिवांच्या कार्यालयातून कारणे दाखवा नोटीस आली. संशोधनातील प्राण्यांना मान्यतेविना पदार्थ खाऊ घातल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? म्हणजे पळस देणं हे वरच्या मजल्यावर संशोधन होतं आणि खालच्या मजल्यावर गैरवर्तन.

नोटीस आत्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतली. वाचून झाल्यावर विचारलं, "तू सांगितलंस?"

"हो."

त्या उठून मेंढ्यांकडं गेल्या. पुढचे दहा दिवस आमच्या घरात मी आणि आत्या एकमेकींशी बोललो नाही. आत्या बोलायच्या, पण मुलाशी. मी समोर बसलेली असताना म्हणायच्या, "तुझ्या बायकोला सांग, भाकर गार व्हायली." डबा मात्र दोघींचा भरायच्या. माझ्या डब्यात ठेचा कमी आणि भाजी जास्त, मला आवडतं तसं. ते जास्त बोचायचं.

खुलासा मीच लिहिला. "उपरोक्त विषयास अनुसरून" पासून "क्षमस्व" पर्यंत. आत्यांनी ऐकला आणि म्हणाल्या, "तुझ्या बायकोला म्हनाव, ते क्षमस्व काढ." काढलं.

चौकशीला कुलसचिव, मॅडम आणि आत्या. मला तक्ते घेऊन बोलावलं होतं.

"मावशी, कोणाच्या परवानगीनं पळस दिला?" कुलसचिवांनी विचारलं.

"पळसाला परवानगी लागती व्हय?"

"तुम्हाला गूळ द्यायला सांगितलं होतं."

"दिला की. गुळातच दिला."

"पिवळ्या मेंढ्यांना औषध द्यायचं नव्हतं."

"काहून? त्यांनी काय गुन्हा केला?"

मॅडमनी समजावलं, काही मेंढ्या औषधाशिवाय ठेवल्या तरच औषधाचा गुण कळतो. आत्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं व्हय. मंग माझ्या घरच्या अकरा घ्या की. त्यांना तुमचं औषध कधीच दिलं नाय. लई ठणठणीत हायेत."

शेवटी निर्णय झाला: आत्यांना सक्त ताकीद. आणि विद्यापीठाच्या आवारातल्या पळसांना क्रमांक देऊन त्यांची नोंद मालमत्ता विभागानं ठेवावी. पळसांवर पांढऱ्या रंगात आकडे पडले. ते अजून आहेत.

ताकीद देऊन चार दिवस झाले नाहीत तोच मॅडमनी आत्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. शोधनिबंधात पळसाचं प्रमाण लिहायचं होतं आणि चिमूट हे काही प्रमाण नव्हे. आत्यांनी काट्यावर वीस वेळा चिमूट टाकायची, मी आकडे लिहायचे. वीसही चिमटी जवळजवळ सारख्या भरल्या. मॅडमना वाटलं, काटा बिघडलाय. दुसरा मागवला. त्यावरही तेच. आत्या मला म्हणाल्या, "चिमूट ती चिमूट. तिला काय धाकटी-मोठी असती?" दहा दिवसांनंतर त्या माझ्याशी बोलल्या होत्या. मी आकडा चुकीचा लिहिला आणि खोडला.

निबंध तयार झाला. पहिलं नाव मॅडमचं. दुसरं कुलगुरूंचं, कारण ते प्रत्येक निबंधावर असत. तिसरं समुद्री माशांच्या गृहस्थांचं, त्यांना त्या वर्षी एक निबंध कमी पडत होता. माझं चौथं. शेवटी आभार: पशुगृहातील कर्मचाऱ्यांच्या सहकार्याबद्दल. आणि मजकुरात लिहिलं होतं की दोन्ही उपचार ठरवल्याप्रमाणे देण्यात आले.

"मॅडम, ठरवल्याप्रमाणे नव्हतं ते."

"तुम्ही ठरवलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं. पण कोणीतरी ठरवलं होतं ना? मग झालं."

निबंध नियतकालिकाच्या संकेतस्थळावर चढवायचं काम माझं होतं. मॅडमची ई-मेलची टपालपेटीही मीच बघायचे, त्यांना तेवढा वेळ नसे. एका दुपारी मी एकटी बसून एक वाक्य बदललं. पिवळ्या गटाला पळसाचं बी पशुगृह परिचर बाईंनी स्वतःच्या अनुभवावरून दिलं, संशोधकांना ते नंतर कळलं, असं लिहिलं. आणि लेखकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आत्यांचं नाव घातलं. त्यासाठी त्यांचा ई-मेल लागत होता. तोही नवा काढला. ही चोरीच होती म्हणा. सांगून केलं असतं तर झालं नसतं, आणि न सांगता केलेलं मी कुठं शहाणपण म्हणून मिरवत नाही.

परीक्षकांनी निबंध मान्य केला. एकानं लिहिलं होतं, या अभ्यासातली सगळ्यात प्रामाणिक ओळ परिचर बाईंविषयीची आहे.

छापून आल्यावर मॅडमना कळलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. त्यांनी नियतकालिकाला लिहिलं, एक नाव चुकून पडलंय, काढा. उत्तर आलं, नाव काढायचं तर त्या लेखकाची लेखी संमती पाठवा. मग आत्यांना केबिनमध्ये बोलावणं आलं. दोघींना एकदमच उभं केलं.

"मावशी, इथं सही करा."

"कशाची हो?"

"एका कागदावर तुमचं नाव चुकून आलंय. काढायचंय."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. तोवर मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "पळसाचा निबंध छापून आलाय, आत्या. त्यात तुमचं नाव मी घातलं."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

आत्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मंग कसं काढू? पळस तर म्याच दिला. त्याची ताकीद बी मलाच हाय, कागद हाय माझ्याकडं."

मॅडम आवाज मऊ करून म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला त्या नावाचा काय उपयोग?"

"काईच नाय. मंग असू द्या की तिथं. कुनाला अडचन हाय?"

ताकिदीचा तो कागद मॅडमना आठवला असावा. त्यावर विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी लिहिलं होतं की पळस आत्यांनीच दिला. त्यांनी न सही झालेला कागद परत घेतला.

माझे अकरा महिने संपले. चार ओळी लिहिल्या गेल्या नाहीत. घरी आत्या म्हणाल्या, "मी बी सोडते उद्या." मी म्हटलं, "खुळ्यासारखं करू नका. घरात एक तरी कायम असू द्या." त्यांनी डबा एकाचाच भरायला घेतला. मी पैठण रस्त्याच्या एका कॉलेजात पुन्हा तासिकेवर लागले. सकाळची एस.टी. धरायची, तीन तास घ्यायचे, परत यायचं.

विद्यापीठानं त्या वर्षीच्या अहवालात अभिमानानं छापलं की आमच्याकडं साहाय्यकारी कर्मचारीसुद्धा संशोधन करतात. आत्यांचा मेंढीसोबतचा फोटो होता. मेंढीच्या कानातला पिवळा बिल्ला स्पष्ट दिसत होता. पीएच.डी.ची पोरं-पोरी आता आत्यांकडं पापणी बघायला शिकतात. आत्या त्यांना मांडीत मेंढी धरायला लावतात. पहिल्या दिवशी सगळे पडतात.

मागच्या हिवाळ्यात मी काढलेल्या त्या ई-मेलवर हैदराबादच्या एका परिषदेचं आमंत्रण आलं. सुरुवातीला आत्यांच्या नावाआधी डॉक्टर लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं.

"जायचं?" त्या म्हणाल्या. "मेंढ्यांचं मी सांगन. इंग्रजीचं तू बघ."

कुलसचिवांच्या कार्यालयानं कळवलं की साहाय्यकारी कर्मचाऱ्यांना परिषदेसाठी रजेची तरतूद नाही. आत्यांनी देवदर्शनासाठी किरकोळ रजा टाकली, ती लगेच मिळाली. मीही दोन दिवसांचे तास सोडले.

परिषदेच्या दारात टेबल होतं. तिथल्या मुलीनं यादीत आत्यांचं नाव शोधलं, वाकून नमस्कार केला आणि गळ्यात कार्ड घातलं. मग माझ्याकडं वळली. "मॅडम, आपलं पद?"

प्रकल्प सहायक मी राहिले नव्हते. प्राध्यापक कधी झालेच नव्हते. तासिका तत्त्वाचं इंग्रजी मला त्या क्षणी सुचेना, आणि मागं रांग लागलेली.

"सून," मी म्हटलं.

तिनं ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आत्या तोवर आत जाऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी माझ्यासाठी पिशवी ठेवली होती.